लेकरायच्या सत्त्वाच्या पाकिटाले कोणता एचएस कोड टाकाचा? तिघं तीन सांगून राहिले

आर्वीवाली_ताई
नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यात आमचा बायांचा बचतगट हाय, पापड-कुरडया-मसाले तं करतोच, पन आता लहान लेकरायसाठी सत्त्व बी करून राहिलो. ज्वारी न नाचणी रातभर भिजवाची, धुतलेल्या फडक्यात बांधून मोड आणाचे, सावलीत वाळवाचं, मंग कढईत मंद आचेवर हलकं भाजाचं, मूग डाळ न तांदूळ वेगळे भाजाचे, सगळं एकत्र दळून वरून बदामाची पूड न विलायची. साखर-गूळ काहीच नाही. प्रमाण ज्वारी ३५, नाचणी ३०, मूग डाळ २०, तांदूळ १० न बदाम-विलायची मिळून ५ टक्के. पाकीट २०० ग्रॅमचं, वर 'बाळाहार – ६ महिन्यांपासून पुढे' असं छापलं हाय न एका गोबऱ्या गालाच्या लेकराचा फोटो.

आता झालं असं का गावातल्याच एका भाऊचं दुबईत किराणा दुकान हाय, त्यानं ५०० पाकिटं मागतली. कागद कराले बसलो तं एचएस कोडवरच, म्हणजे माल कोणता ते कस्टमले सांगणाऱ्या आकड्यावरच, गाडी अडली. आमचा जीएसटीचा हिशोब पाहणारा म्हणते हे पीठच होय, ११०२ टाका. पार्सलवाला एजंट म्हणते २१०६ टाका, त्यात सगळंच बसते. गटातल्या एकीच्या भाच्यानं १९०१ सांगतलं. एजंट तं वरून असंही म्हणते का ताई कोणताही टाका, कोणी पाहत नाही. मले ते पटून नाही राहिलं, बिलावर सही माही राहीन ना. कोणाले पक्कं माहीत असन तं सांगा बरं, न काहून तोच कोड ते बी सांगा, कारण गटाच्या मिटिंगीत मले समजावून सांगा लागते.

अजनीवाला
ताई, पहिले तं त्या एजंटचं ऐकू नका. मी नागपूरले कस्टम ब्रोकरकडे काम करतो, अजनीच्या कंटेनर डेपोत रोजचं येणं-जाणं हाय, तर 'कोणी पाहत नाही' म्हणणारे लोक माल अडकला की फोन उचलत नाहीत हे पाहून राहिलोय.

तुमचं पाकीट १९०१ १० मधे जाते. भारताचे आठ आकडे पाहिजे म्हणून शिपिंग बिलावर (निर्यातीचा कस्टमचा कागद) १९०१ १० ९०. (१९०१ १० १० हे माल्टेड मिल्कसाठी, म्हणजे माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) घातलेल्या दुधासाठी हाय, तुमच्यात दूध नाही म्हणून 'इतर' वाला ९०.)

आता काहून ते. हे कोड ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेचे, पहिले सहा आकडे जवळपास सगळ्या जगात सारखे. त्याच्या पुढचे प्रत्येक देश आपापल्या सोयीनं जोडते, आपण दोन जोडतो, अमेरिका चार. म्हणजे तुम्ही इथून ११०२ लिहिलं न दुबईवाल्यानं तिकडे १९०१ १० लिहिलं तं दोन्ही कागद एकाच मालाचे वाटत नाहीत, न मंग तिथला अधिकारी पाकीट उघडून बसते.

११०२ म्हणजे निव्वळ धान्याचं पीठ, ज्वारीचं पीठ, नाचणीचं पीठ, तांदळाचं पीठ. पण कोडच्या यादीतल्या ११ व्या प्रकरणाच्या (कोडचे पहिले दोन आकडे म्हणजे प्रकरण) सुरुवातीलेच टीप हाय का १९०१ मधलं 'तयार केलेलं' पीठ इथे येत नाही. तुमच्यात मोड आणले, भाजलं, डाळ घातली, बदाम घातला, लेकराले शिजवून द्याले तयार केलं, म्हणजे ते आता नुसतं पीठ राहिलं नाही. २१०६ तं बाकी कुठंच जागा नसन तेव्हाचं घर, त्याच्या नावातच 'इतरत्र न नमूद केलेले' असं हाय. आधी नेमकं घर शोधाचं, ते सापडलं का २१०६ ले जाचं कामच नाही.

१९०१ १० ले तीन गोष्टी लागतात: माल पीठ, रवा, स्टार्च, माल्ट एक्स्ट्रॅक्ट किंवा दुधापासून बनलेला पाहिजे, तान्ह्या किंवा लहान लेकरायले चालणारा पाहिजे, न किरकोळ विक्रीच्या पाकिटात भरलेला पाहिजे. तिसरी गोष्ट लोक विसरतात. तुम्ही हेच सत्त्व २५ किलोच्या पोत्यात भरून दुसऱ्या पॅकिंगवाल्याले पाठवलं तं ते १९०१ ९० झालं, माल तोच असला तरी. आणखी एक, आधी तिथे फक्त तान्ह्या बाळांसाठीचे पदार्थ असं होतं, कोडयादीच्या २०१७ च्या आवृत्तीत 'किंवा लहान मुलं' हे जोडलं, म्हणून दीड-दोन वर्षाच्या लेकराचं पाकीटही आता तिथंच बसते.

हिशोबनीस_यवतमाळ
अजनीवाल्या भाऊंशी सहमत, फक्त डाळीचं एक सांगायचं राहिलं आणि तेच सगळ्यात गमतीचं आहे. १९ व्या प्रकरणाची टीप २ वाचा, तिथं 'पीठ' कशाला म्हणायचं ते लिहिलंय आणि त्यात डाळींचं पीठ धरलेलंच नाही (ते ११०६ मधलं). म्हणजे ताईंच्या पाकिटात ज्वारी-नाचणी-तांदूळ मिळून ७५ टक्के धान्य आहे म्हणून १९०१ चा पाया भक्कम. उद्या मूग डाळ ७० टक्के केली आणि नाचणी नावाला टाकली तर मात्र १९०१ म्हणणं अवघड जाईल, मग २१०६ चा विचार करावा लागतो. म्हणून रेसिपी बदलली की कोड पुन्हा तपासायचा, एकदा मिळाला म्हणून कायमचा नाही.

सत्तूचंही असंच. सीबीआयसीनं (केंद्राचं अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळ) ३१ डिसेंबर २०१८ च्या परिपत्रकात सांगितलं की सत्तू ११०६ मधेच, त्यात अगदी थोडं काही मिसळलं तरी. काही जण ते परिपत्रक दाखवून सगळीच पिठं तिकडं ढकलतात. पण ते डाळींच्या पिठाबद्दल आहे, मोड आणलेल्या ज्वारीबद्दल नाही.

आता जीएसटीवाले ११०२ च्या मागे का लागतात ते पण सांगतो, त्यात तुमच्या हिशोबवाल्याचा दोष नाही. आधी १९०१ ला १८ टक्के होते आणि पाकीटबंद पिठाला ५, तेव्हा जो तो आपला माल पीठच आहे म्हणायचा. मग ऑक्टोबर २०२३ मधे भरडधान्याच्या मिश्रणाला सवलत आली, वजनानं किमान ७० टक्के भरडधान्य पाहिजे, सुटं विकलं तर शून्य आणि पाकीटबंद लेबलवालं ५ टक्के. ताईंचं ज्वारी-नाचणी मिळून ६५ होते, म्हणजे पाच टक्क्यांनी चुकलं असतं 😀 आता २२ सप्टेंबर २०२५ पासून १९०१ च ५ टक्क्यांवर आणलंय त्यामुळे पाकिटाच्या बाबतीत ते भांडण थंड पडलं. निर्यातीवर तसाही कर बसत नाही, एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरून पाठवायचं. पण एक लक्षात ठेवा, माल परदेशात जातो म्हणजे ४० लाखाच्या आतली उलाढाल असली तरी जीएसटी नोंदणी लागतेच, आणि आयईसी (आयात-निर्यात करणाऱ्याचा कोड नंबर) पण. आयईसी डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) साईटवर ५०० रुपयात निघतो, त्यासाठी हजारो रुपये मागणारे दलाल आपल्या जिल्ह्यात भरपूर आहेत.

टपरीवरून
हे सगळं ठीक हाय पन मले एक सांगा, ५०० पाकिटं म्हणजे १०० किलो माल, त्याच्यासाठी एवढा कायद्याचा कीस? आमच्याकडचा एक जण लोणचं पाठवते आखातात, बॅगेत टाकून नेते बावा.

अजनीवाला
@टपरीवरून बॅगेत नेणं वेगळं, दुकानात विकाले पाठवणं वेगळं. लोणच्याच्या बरणीवरून कोणाच्या लेकराले काही झालं तं कोणी विचारत नाही, बाळाच्या खाण्याले सगळेच विचारतात.

वरूडचा_बागाईतदार
धागा चांगला चालून राहिला म्हणून इथंच विचारतो. माह्या मामेभावानं वरूडले छोटं युनिट टाकलं, संत्र्याचा गर न गाजर मिळून लेकरायसाठी प्युरीचे पाऊच कराचा विचार हाय. संत्र्याचा भाव पडला का बागवान रडते, म्हणून म्हटलं काहीतरी वेगळं करू. त्याचा बी १९०१ १० च का? बाळाचं खाणं तं ते बी होय.

अजनीवाला
नाही भाऊ, तिथंच सगळे फसतात. 'बाळाचं' म्हणून एक कोड असं काही नाही, कोड ठरते ते आत काय हाय न कसं केलं त्याच्यावर. प्युरीत पीठ नाही, दूध नाही, तं १९०१ चा संबंधच नाही.

फळ अधिक भाजी असं मिसळलेलं, बारीक एकजीव केलेलं, लहान लेकरायसाठी किरकोळ पाकिटात, न निव्वळ वजन २५० ग्रॅमच्या आत, तर २१०४ २०. २१ व्या प्रकरणाच्या टीप ३ मधे हे शब्द न शब्द लिहिलंय. नुसत्या भाजीचं एकजीव असन, समजा फक्त गाजर, तं २००५ १०. नुसतं फळ असन न ते आटवून शिजवलं असन तं २००७ १०. मटन-कोंबडीचं असन तं १६०२ १०. या सगळ्याले तीच २५० ग्रॅमची अट. म्हणजे तुम्ही 'फॅमिली पॅक' म्हणून ३०० ग्रॅमचा पाऊच काढला का या सोयीच्या घरातून बाहेर, मंग फळ जास्त का भाजी जास्त ते पाहून २० व्या प्रकरणात दुसरीकडे.

आणखी बारीक गोष्ट: २००७ ले 'शिजवून' म्हणजे उष्णता देऊन, पाणी आटवून किंवा दुसऱ्या रीतीनं, घट्ट केलेलं पाहिजे. फक्त टिकावं म्हणून पाश्चराईज केलं तं ते शिजवणं धरत नाहीत, मंग २००८ कडे जाते. युनिटमधे आटवाची मशीन हाय का नुसतं गरम करून भरता, ते आधी सांगा.

वरूडचा_बागाईतदार
आटवाचं नाही, गरम करून भराचं. पन गाजर राहीनच त्यात. १२० ग्रॅमचा पाऊच.

अजनीवाला
मग फळ-भाजी मिश्रण, १२० ग्रॅम, २१०४ २०. आटवणं-न आटवणं याचा तिथे प्रश्न येत नाही. गाजर अगदी चिमूटभर रंगापुरतं ठेवाल तं मात्र मिश्रण म्हणणं कठीण, दोन्ही मुख्य घटक म्हणून दिसले पाहिजे. लेबलवर टक्केवारी लिहा.

पुसदची_वहिनी
कोडचं मला कळत नाही पण ताई तुमच्या पाकिटाचं वाचून मी दचकलेच. ६ महिन्यांपासून असं लिहिलंय आणि वरून बाळाचा फोटो! १९९२ चा कायदा आहे, बाळाच्या दुधाच्या पर्यायांवरचा, २००३ मधे त्यात बदल झाला. त्यात ६ महिने ते २ वर्षाच्या बाळाला आईच्या दुधाला पूरक म्हणून जे काही विकाल त्याच्या लेबलवर बाळाचा किंवा बाईचा फोटो चालतच नाही, आणि जाहिरातही करता येत नाही. आईचं दूध सगळ्यात चांगलं अशी सूचनाही टाकावी लागते. आमच्या इकडच्या एका गटाने असाच फोटो टाकून फ्लेक्स लावला होता, अन्न-औषधवाल्यांची नोटीस आली आणि छापलेली सगळी पाकिटं वाया गेली. नोटीस येईपर्यंत कोणीच सांगत नाही हो. छापणाऱ्यालासुद्धा माहीत नसतं, तो म्हणतो फोटो टाका खप वाढतो.

आणि दुसरं म्हणजे एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे) २०२० चे बाळांच्या आहाराचे वेगळे नियम आहेत. धान्याच्या पूरक आहारात प्रथिनं किती, जीवनसत्त्वं-लोह किती असले आकडे आहेत, नुसतं घरगुती पौष्टिक आहे म्हणून भागत नाही, लॅबचा रिपोर्ट लागतो. तुमचं रजिस्ट्रेशन पापड-मसाल्याचं असेल तर त्याच्यावर हे बसतं का ते आधी वर्धेला जाऊन विचारा. आम्ही म्हणूनच बाळाचं म्हणून विकणं सोडलं, 'नाचणी सत्त्व – सर्वांसाठी' असं लिहितो. खप कमी झाला नाही काही, घेणाऱ्या बायांना माहीतच असतं कशाला नेतात.

आर्वीवाली_ताई
बापरे वहिनी, हे तं कोणीच सांगतलं नोतं. फोटो तं आमच्या गटातल्याच एका नातवाचा होय, तिले आता काय सांगू 🙈

अजनीवाला भाऊ, मंग एक सांगा, आम्ही बी बाळाचं नाव काढून 'ज्वारी-नाचणी सत्त्व' एवढंच ठेवलं तं कोड बदलते का? माल तोच, चक्की तीच, फक्त छपाई वेगळी. न अंगणवाडीले आमचा माल जाते तवा काय कोड लावाचा?

अजनीवाला
बदलते. १९०१ १० ले 'लहान लेकरायले योग्य' हे पाकिटावरून, मात्रेच्या सूचनेवरून न मालाच्या स्वरूपावरून दिसाले पाहिजे. सगळ्या घरासाठी, कोणीही पाण्यात-दुधात शिजवून प्या असं लिहिलं तं ते साधं पिठाचं तयार मिश्रण, १९०१ ९० ९०. पण अर्धवट करू नका. समोर 'सर्वांसाठी' न मागे बारीक अक्षरात 'बाळाले दोन चमचे' असं ठेवाल तं अधिकारी मागचंच वाचते. न दुबईवाल्या भाऊले सांगा का त्यानंही दुकानात बाळाच्या कप्प्यात ठेवून तसं बोर्ड लावू नये, तिकडचे लेबलचे नियम त्याच्याकडून लिहून घ्या, अरबी लेबल वगैरे. आखाती देशात बहुतेक मालावर ५ टक्के सीमाशुल्क पडते, काही मालाले सूट असते, तुमच्या कोडले किती ते तिथला त्याचा क्लिअरिंगवाला सांगीन.

आणखी एक शंका मी आधीच काढून ठेवतो कारण अधिकारी काढीन. तुम्ही भाजता ना, तर कोणी १९०४ म्हणू शकते, फुगवलेल्या-भाजलेल्या धान्याचे पदार्थ तिथं. ज्वारीच्या लाह्या असत्या तं नक्की १९०४ १०, लेकरायसाठी असल्या तरी. तुमचं भाजणं ओलावा घालवाले न वास येईपर्यंत, मंग डाळ-बदाम मिसळून दळणं, त्याच्यावरून १९०१ चं म्हणणं टिकते. पण कागदावर 'रोस्टेड सीरिअल' असं झगझगीत नाव देऊ नका, नाहीतर आपणच त्याले दार दाखवल्यासारखं होते. बिस्किट-टोस्टचंही असंच वेगळं घर, १९०५, बाळाचा टोस्ट म्हटला तरी १९०५ ४०. कोणाचं निव्वळ मोड आणून दळलेलं एकट्या नाचणीचं पीठ असन, काहीच न मिसळलेलं, तं ते ११०७ च्या माल्टमधे जाते असा वाद घालता येतो, पण ताईंचं ते नाही.

हिशोबनीस_यवतमाळ
अंगणवाडीचं मी सांगतो. सरकारी योजनेत गरीब लाभार्थ्यांना फुकट वाटायला जे पाकीटबंद खाणं जाते त्याला १८ टक्क्यांच्या काळातच ५ टक्क्यांची वेगळी सवलत दिली होती, ऑक्टोबर २०१७ पासून, पण त्याला अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागायचं की माल खरंच वाटला. कोड तिथंही मालावरूनच ठरतो, अंगणवाडीला गेलं म्हणून तो बदलत नाही. तुमच्या बिलाच्या फायलीत जुनी प्रमाणपत्रं असतील तर फेकू नका, जुन्या वर्षांची नोटीस आली की तीच कामाला येतात.

आर्वीवाली_ताई
फेकली नाहीत, पन उंदरानं एक कुरतडलं 😅 त्याची झेरॉक्स हाय.

अजनीवाला भाऊ शेवटचं, कागदावर मालाचं वर्णन काय लिहू? एजंटनं मागच्या वेळी मसाल्याले नुसतं 'फूड आयटम' लिहिलं होतं.

अजनीवाला
'फूड आयटम' असं लिहाल तं मंग कोड कशावरून ठरवाचा अधिकाऱ्यानं. बिलावर असं लिहा: मोड आणलेल्या ज्वारी व नाचणीच्या पिठाचं मूग डाळ, तांदूळ व बदामयुक्त मिश्रण, शिजवून खाण्यासाठी, २०० ग्रॅम किरकोळ पाकीट, साखरविरहित. इंग्रजीत ब्रोकर करून देईन. सोबत एका साध्या कागदावर टक्केवारी न भिजवण्यापासून पॅकिंगपर्यंतचा क्रम लिहून गटाचा शिक्का मारा, फोटो काढून ब्रोकरले आधीच पाठवा. आमच्याकडे असा कागद आणणारे दहात एक-दोन असतात, त्यायचा माल लवकर निघते.

मोठी ऑर्डर येणार असन न कोडवर मनात शंका असन तं मुंबईले कस्टमचं आगाऊ निर्णय देणारं प्राधिकरण हाय, तिथे अर्ज करून लेखी निर्णय घेता येते न तो अर्ज करणाऱ्यावर न कस्टमवर दोघांवर बांधील असते. पण ते इकडे येणाऱ्या किंवा इथून जाणाऱ्या मालासाठी, आपल्या कस्टमपुरतं, दुबईचा अधिकारी त्याले मानीनच असं नाही. १०० किलोसाठी ते करत बसू नका, फी न वकील मालाच्या किमतीले भारी पडीन.

पुसदची_वहिनी
ताई छपाई बदलताना एक करा, तारीख आणि बॅच नंबरची जागा पांढरी ठेवा, रंगीत कागदावर शिक्का उमटत नाही. आणि चक्कीवर तुमच्याआधी कोणी तिखट दळलं नाही ना ते बघून घ्या, लेकरं पहिल्या घासालाच तोंड फिरवतात.

आर्वीवाली_ताई
चक्की आमची स्वतःची हाय वहिनी, तिखटाची वेगळी. पाकीट नवीन छापतो, 'ज्वारी-नाचणी सत्त्व' नावानं, १९०१ ९० ९० टाकून, न जुनी छापील पाकिटं किती उरली ते उद्या मोजतो. भाऊ, तुमच्या ब्रोकरचा पत्ता मेसेजमधे टाका, नागपूरले शनिवारी येतो.

अजनीवाला
टाकला. शनिवारी दुपारी २ च्या आत या, अन् सीलबंद पाकीट न उघडं पाकीट दोन्ही आणा.